शेवट माहीत असलेलं पुस्तक

गॅलिलिओ आणि दुर्बीण यांच्याबद्दलचा एक छोटा उतारा. १९६७ साली जॅकलिन सॅक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो लोकांना टेपवर ऐकवला होता. मध्येच टेप थांबायची आणि एक वाक्य पुन्हा यायचं. मघाशी ऐकलेलं वाक्य हेच, की यात काही बदललंय? बदल दोन तऱ्हेचे होते. एकात अर्थच उलटायचा, म्हणजे गॅलिलिओला पत्र गेलं याऐवजी गॅलिलिओनं पत्र पाठवलं. दुसऱ्यात अर्थ तोच राहायचा, फक्त शब्दांची मांडणी वेगळी. वाक्य कानात ताजं असताना लोक दोन्ही बदल पकडत. पण मध्ये जेमतेम ऐंशी अक्षरांचा, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून कमी वेळाचा मजकूर गेला की मांडणीतला बदल त्यांच्या लक्षात येईना. अर्थातला बदल मात्र ते तेव्हाही ओळखत होते.

मन वाक्यातून अर्थ काढून घेतं आणि वाक्य सोडून देतं. अर्ध्या मिनिटात ही गत, तर दहा वर्षांपूर्वी वाचलेल्या कादंबरीचं काय होत असेल! ‘एकदा वाचलंय ना, मग पुन्हा कशाला?’ असं ज्यांना घरात ऐकावं लागतं, त्यांच्या बाजूनं मला हाच सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. एका वाचनानंतर आपल्याजवळ उरते ती बहुतांशी गोष्ट. ती सांगितली कशी होती, हे जवळपास सगळं निसटलेलं असतं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ सालचं हे छोटेखानी पुस्तक. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा धरतो, गावाला हाताशी घेऊन तालीम बांधतो, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. गोष्ट पाच मिनिटांत सांगून होते आणि एकदा वाचलेल्या माणसाला ती जन्मभर आठवते. पण या पुस्तकाचं मोठेपण त्या गोष्टीत थोडं आणि तिच्या काटकसरी वाक्यांत फार आहे, आणि स्मरणशक्ती नेमकी तीच वाक्यं टाकून देते. म्हणून दुसऱ्यांदा ‘बनगरवाडी’ उघडणाऱ्याच्या हाती पडतो तो पुष्कळसा नवा माल असतो.

याला अपवाद आहेत आणि ते मजेदार आहेत. जॅनिस कीनन आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली एका विद्यापीठातली जेवणाच्या सुट्टीतली चर्चा रेकॉर्ड केली आणि नंतर तिथं हजर असलेल्यांना काय आठवतंय ते तपासलं. माहिती देणारी साधी वाक्यं शब्दशः ध्यानात राहिली नव्हती. ज्यांत चेष्टा होती, टोमणा होता, बोलणाऱ्याचा स्वभाव उतरला होता, ती मात्र जशीच्या तशी ओळखता आली. पु. ल. देशपांड्यांचे वाचक उतारेच्या उतारे तोंडपाठ म्हणतात, त्याचं मूळ निदान अंशतः इथं असावं. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधली माणसं त्यांच्या बोलण्यातच राहतात, ते बोलणं वगळलं तर माणूसच हाती लागत नाही.

पुन्हा वाचताना डोळे काय करतात, हेही मोजून झालं आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो, आणि एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचायला दिला की थांबे कमी होतात, तोकडे होतात, उड्या लांबतात, मागे वळून पाहणं घटतं. फिनलंडमध्ये आणि अमेरिकेत १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं. कुणी म्हणेल, दुसऱ्यांदा वाचणारा वरवर चाळत असणार. पण गॅरी रेनी आणि कीथ रेनर यांनी १९९५ साली एक बारीक गोष्ट दाखवली. नेहमीच्या शब्दांपेक्षा अपरिचित शब्दावर डोळा जास्त रेंगाळतो, आणि हा फरक दुसऱ्या वाचनातही तितकाच टिकतो. म्हणजे वेग वाढला तरी शब्द वाचले जात असतात. कमी होतो तो धागा धरून ठेवण्याचा खटाटोप: हा कोण, ती कुठून आली, हे आधी घडलं की नंतर. ही ओढाताण थांबली की लक्ष मोकळं होतं आणि मांडणीकडे, सुरुवातीलाच पेरून ठेवलेल्या खुणांकडे, एखाद्या विशेषणाकडे जाऊ शकतं.

मग उत्कंठेचं काय? शेवट ठाऊक असेल तर मजा जातेच, असं आपण धरून चालतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथल्या विद्यापीठात जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली बारा लघुकथा निवडल्या. त्यांत चेखॉव्ह होता, रोआल्ड डाल होता, अगाथा ख्रिस्तीही होती. काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला. एकूण हिशेबात शेवट माहीत असणाऱ्यांनाच कथा जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. हा निकाल जगभर गाजला. चारच वर्षांनी बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांना मात्र शेवट फोडल्यानं गोडी कमी होताना दिसली. वाद मिटलेला नाही. मला वाटतं, अनोळखी कथेचा शेवट परक्यानं सांगणं आणि आपण स्वतः चालून गेलेल्या वाटेनं पुन्हा जाणं, या दोन अनुभवांना एकाच मापानं मोजण्यात अर्थ नाही. पहिल्यात कुणीतरी आपल्या हातून काहीतरी काढून घेतलेलं असतं.

याहून खोल गेलेला प्रयोग रिचर्ड गेरिग यांचा आहे, १९८९ सालचा. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गेरिगनी वाचकांना असा मजकूर दिला की ज्यात वॉशिंग्टन थकलेले आहेत, त्यांना घरी परतायचंय, ते ही जबाबदारी घेतील की नाही अशी शंका यावी. लगेच विचारलं, वॉशिंग्टन पहिले अध्यक्ष झाले, खरं की खोटं? उत्तर बरोबरच आलं, पण ज्यांनी शंका न आणणारा मजकूर वाचला होता त्यांच्यापेक्षा उशिरा आलं. आधीपासून असलेलं ज्ञान आणि चालू गोष्टीतली धाकधूक मनात एकाच वेळी नांदतात, आणि धाकधूक त्या ज्ञानाला क्षणभर अडवून धरते.

मराठी वाचकाला याचा पडताळा शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये मिळतो. १९६७ साली कादंबरी आली तेव्हा ती पहिल्यांदा वाचणाऱ्यालासुद्धा शेवट माहीत होता. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार, हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. तरीही चौथ्या-पाचव्या खेपेला ते पान जवळ येताना छातीत धडधडतं, कवचकुंडलं मागायला कोण दारी आलंय हे ठाऊक असूनही कर्णानं नाही म्हणावं असं वाटत राहतं. हा भाबडेपणा नाही. गोष्ट वाचताना मन त्या जगाच्या आतून, त्या क्षणापुरतं विचार करतं.

कुणाच्या नजरेनं वाचतो, यावर तर फारच अवलंबून आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या रिचर्ड अँडरसन आणि जेम्स पिचर्ट यांचा १९७८ सालचा प्रयोग मानसशास्त्रात अजून शिकवतात. शाळा बुडवून दोन मुलं त्यांच्यातल्या एकाच्या घरी येतात, एवढीच गोष्ट. ओघात त्या घराचं वर्णन येतं: छप्पर गळतं, तळघर दमट आहे, रंगीत टीव्ही आहे, जुन्या नाण्यांचा संग्रह आहे. निम्म्या लोकांना सांगितलं, घर विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या नजरेनं वाचा. निम्म्यांना सांगितलं, चोराच्या नजरेनं. गिऱ्हाइकाला छप्पर आठवलं, चोराला नाणी. पण खरी गंमत पुढे आहे. आठवेल ते सगळं लिहून झाल्यावर काही जणांना भूमिका बदलायला सांगितली. मजकूर पुन्हा दाखवला नव्हता, तरी त्यांना आधी न आठवलेले तपशील आठवायला लागले. ते मनात पडून होते, पण जुन्या भूमिकेतून तिथवर पोचता येत नव्हतं.

आता भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आठवून पाहा. १९६३ साली आलेली. खानदेशातल्या सांगवीतून पुण्याच्या हॉस्टेलवर आलेला पांडुरंग आपण विशीत वाचतो तेव्हा आपण पांडुरंगच असतो. त्याचा कंटाळा, त्याची चीड, वडिलांशी असलेलं ताठलेलं नातं, सगळं त्याच्या बाजूनं. तोच वाचक पन्नाशीत, स्वतःचा मुलगा परगावी शिकत असताना ‘कोसला’ उघडतो, आणि गावाकडून पैसे पाठवणाऱ्या बापावर त्याची नजर खिळते. लेखकानं त्या बापाबद्दल एक ओळही वाढवलेली नाही. छापलेला मजकूर तोच, पण त्यातलं महत्त्वाचं काय ते ठरवणारा माणूस बदललेला आहे. ‘मृत्युंजय’ तर हे एकाच वाचनात घडवू पाहतं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती कथा येते. माझी खात्री आहे की कुंतीचा भाग वयाच्या पंधराव्या वर्षी आणि आई झाल्यावर वाचणाऱ्या बाईला त्यात दोन वेगळ्या कुंती भेटत असणार.

लहान मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागायला कुणी शिकवावं लागत नाही. रोज रात्री तीच गोष्ट, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी तक्रार. आईबाप कंटाळून नवं पुस्तक पुढे करतात. त्यांनी ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांचा २०११ सालचा अभ्यास पाहायला हवा. तीन वर्षांच्या मुलांच्या एका गटाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, दुसऱ्या गटाला वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. शब्द जास्त चांगले शिकली ती तीच गोष्ट ऐकणारी मुलं. पहिल्या खेपेला पोराचं सगळं लक्ष काय घडतंय यात गुंतलेलं असतं. ते कळलं की मग शब्दांकडे वळायला त्याला उसंत मिळते. दुसऱ्या वाचनात मोठ्यांच्या बाबतीत होतं ते याहून फारसं निराळं नाही.

नुसत्या ओळखीनंही आवड वाढते, हे रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ सालीच दाखवलं होतं. पण त्यांच्या प्रयोगातले निरर्थक शब्द आणि अनोळखी चेहरे यांच्यावरून कादंबरीपर्यंत उडी मारायला मी तयार नाही. साध्या गोष्टीचा पुनरुक्तीनं लवकर वीट येतो, गुंतागुंतीची जास्त काळ टिकते, असंही पुढच्या संशोधनात दिसलं आहे, आणि पुस्तकांच्या बाबतीत हे जास्त पटतं.

परीक्षा देणाऱ्या मुलांच्या घरी मात्र एक गोष्ट वेगळी ठेवली पाहिजे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे शास्त्रीय उतारे दिले. एका गटानं उतारा चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्यानं एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता, आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं चित्र पालटलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला सगळं लक्षात राहील याची जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांनाच. आवडत्या पुस्तकात जो सरावलेपणा लक्ष मोकळं करतो, तोच धड्याच्या पुस्तकात ‘येतंय मला’ असं खोटं सांगतो. ओळखीचं वाटणं आणि स्वतःहून आठवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत.

इथवर आलेले प्रयोग छोट्या मजकुरांवरचे आहेत. वाचणं दोन-चार खेपांचं, मधलं अंतर फार तर दिवसांचं. आयुष्यभर एकाच ग्रंथाकडे परत परत जाणारी माणसं तपासायची तर आपल्याकडे ती शोधत फिरावं लागणार नाही. दरवर्षी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणारे वारकरी आहेत, दत्तजयंतीच्या आधी सात दिवसांत गुरुचरित्र पुरं करणारी घरं आहेत, आणि ‘बटाट्याची चाळ’ वर्षाआड काढून बसणारेही आहेत. डोळ्यांच्या हालचाली टिपणारी यंत्रं आता पूर्वीइतकी अवजड राहिलेली नाहीत. एखाद्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागानं अशा वाचकांना त्यांच्याच पुस्तकाची तीच पानं पाच-पाच वर्षांच्या अंतरानं वाचायला द्यावीत, डोळा कुठे थांबला ते टिपावं, आणि या वेळी कुणाची बाजू घ्यावीशी वाटली ते विचारावं. भक्तीनं वाचणाऱ्यांचे आणि नुसत्या आनंदासाठी वाचणाऱ्यांचे थांबे एकाच शब्दांवर पडतात का, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.