उपग्रह मार्गनिर्देशन सदृशीकरण : संकेतबल व गोंगाट

उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांसारखे संकेत प्रयोगशाळेत निर्माण करून ते मार्गनिर्देशन ग्राहीस पुरविण्याच्या पद्धतीस सदृशीकरण म्हणतात. यात संकेतबल व गोंगाट यांचे परस्परप्रमाण योग्य राखणे सर्वांत महत्त्वाचे असते. कारण ग्राहीची अचूकता केवळ संकेतबलावर नव्हे, तर या प्रमाणावर अवलंबून असते.

जीपीएसच्या मूळ नागरी संकेताची भूपृष्ठावरील किमान शक्ती १ वॉटच्या तुलनेत १५८.५ डेसिबेलने कमी असते. खोलीच्या तापमानास उष्णताजन्य गोंगाट दर हर्ट्‌झला २०४ डेसिबेलने कमी असतो. त्यामुळे २० लक्ष हर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात गोंगाट संकेताच्या पन्नासपटींहून अधिक भरतो. ज्ञात संकेतावलीशी तुलना करून ग्राही त्यातून संकेत वेगळा काढतो.

खुल्या आकाशाकडे रोखलेल्या आकाशकाला खोलीच्या तापमानाहून कमी गोंगाट मिळतो. ग्राही तारेने सदृशकास जोडल्यास मात्र सु. २९० केल्व्हिन तापमानाचा गोंगाट आत येतो. ही तूट भरून काढण्यासाठी संकेत काही डेसिबेलने वाढवितात. आकाशकातील प्रवर्धक वगळला असल्यास त्याचीही भरपाई करावी लागते. नंतर मोकळ्या जागी नोंदलेल्या प्रमाणाशी ग्राहीने दाखविलेले प्रमाण जुळवून पाहतात.

प्रत्यक्ष परिस्थिती उभी करण्याचे दोन मार्ग आहेत. एखाद्या उपग्रहाची वाट अडत असल्यास केवळ त्याचा संकेत क्षीण करतात. बाह्य व्यत्यय दाखवावयाचा असल्यास गोंगाट वाढवितात आणि त्याचा परिणाम सर्वच संकेतांवर होतो. भारतीय रेल्वेने इस्रोच्या सहकार्याने विकसित केलेल्या प्रणालीत एंजिनांवरील उपकरणे उपग्रहांच्या साहाय्याने गाडीची स्थिती कळवितात. मुंबई-भुसावळ मार्गावरील मनमाड या प्रस्थानकासाठी नाविक ग्राहीची चाचणी कल्पिल्यास हा भेद स्पष्ट होतो. २०१३ पासून उपग्रह सोडून उभारलेल्या नाविक प्रणालीतील ८३° पू. रेखांशावरील भूस्थिर स्थान मनमाडहून क्षितिजाच्या वर सु. ६४°, तर ३२.५° पू. रेखांशावरील स्थान पश्चिम-नैर्ऋत्येस सु. ३७° उंचीवर येते. त्या बाजूच्या फलाटाच्या छपराआड दुसरे स्थान झाकले जाईल, तरी पहिले मोकळे राहू शकेल. अशा वेळी सर्व संकेत सारखेच क्षीण करणे चुकीचे ठरते.

संकेत गरजेहून प्रबल ठेवल्यास सदोष ग्राहीदेखील चाचणीत उत्तीर्ण होतो व त्याचा दोष लोहमार्गावरच उघडकीस येतो. सदृशकाचा संकेत बाहेर निसटल्यास जवळपासचे ग्राही चुकीची स्थिती दाखवू शकतात; म्हणून तो आच्छादित तारेतूनच नेतात.