आरोपी आणि गुन्हेगार

सांगलीच्या हळदपेठेंतील एखाद्या वखारींत चोरी व्हावी, संशयावरून नोकर धरला जावा आणि दिवेलागणीच्या आंत साऱ्या पेठेनें त्यास चोर ठरवून मोकळें व्हावें, यांत नवल असें कांहीं नाहीं. कायदा मात्र इतक्या त्वरेनें कोणासही चोर म्हणत नाहीं. आरोप आणि अपराध यांमध्यें त्यानें अनेक पायऱ्या ठेविल्या आहेत.

पोलीस ठाण्यांत गुन्ह्याची जी पहिली वर्दी नोंदली जाते, ती ‘प्रथम खबर’. तिची नक्कल वर्दी देणारास विनामूल्य मिळते. अटक झालेल्या इसमास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आंत न्यायदंडाधिकाऱ्यापुढें उभें करावें लागतें. तपासाअंतीं पोलीस ‘दोषारोपपत्र’ सादर करतात. नांव भारदस्त असलें, तरी तो निकाल नव्हे. तें केवळ एका पक्षाचें म्हणणें होय. चोरीसारख्या गुन्ह्यांत तें ६० दिवसांत न आल्यास कोठडींतील आरोपीस जामिनाचा हक्क पोंचतो. देहान्त, जन्मठेप किंवा १० वर्षें व त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची आहे. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, तर तारखेस हजर राहण्याची हमी.

पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाहीं; त्यावरून चोरीचा माल सांपडल्यास तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य धरतात. सरकारी वकील आपल्या साक्षीदाराची सरतपासणी घेतो, बचावाचा वकील उलटतपासणी. एवढ्यानेंही वाजवी शंका उरली, तर तिचा फायदा आरोपीसच मिळतो.

चोरीचा खटला न्यायदंडाधिकाऱ्यापुढें चालतो, खुनाचा सत्र न्यायालयांत. सत्र न्यायालयाच्या निकालावर अपील करण्यास सातारा-सांगलीकरांना पूर्वीं मुंबई गांठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरास बसूं लागलें आहे. १८६० च्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ रोजीं भारतीय न्याय संहितेनें घेतली व खुनाच्या शिक्षेचें कलम ३०२ चें १०३ झालें. कलमांचे आंकडे बदलले. सिद्ध करण्याचा भार मात्र आरोप करणाऱ्या पक्षावरच राहिला.

तेव्हां वखारींतील तो नोकर निकालाच्या दिवसापर्यंत ‘आरोपी’च होय. तो निर्दोष ठरला, तर त्याला पुन्हा त्याच पेठेंत काम मागावयाचें असतें. न्यायालय जो शब्द जपून वापरतें, तो शेजाऱ्यांनींही तितकाच जपून वापरावा.