एका पौंडाचे वाचनालय

गाव म्हटले की आपल्याला पार आठवतो, देऊळ आठवते. इंग्लंडातल्या खेड्याची ओळख म्हणजे चर्च, पब आणि टेलिफोनची ती तांबडीभडक, माणसाहून उंच खोकी. हा नमुना सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली, पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त तयार केला. पुढे घरोघर आणि मग खिशाखिशांत टेलिफोन आले. खोकी ओस पडली.

सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप गावावर मात्र निराळेच संकट आले. ग्रंथालयाची फिरती मोटार यायची बंद झाली. शहरवासीयांना यात काय मोठेसे, असे वाटेल. पण ज्या आजीबाईंना मोटार हाकता येत नाही, त्यांच्या दारातून वाचनच निघून गेले की हो!

गावाने हातपाय गाळले नाहीत. २००९ साली ओस पडलेले खोके एका पौंडाला विकत घेतले. आत फळ्या बसवल्या, शंभरएक पुस्तके मांडली. नियम एकच : एक ठेवा, एक न्या. वर्गणी नाही, दंड नाही, ग्रंथपाल नाही. रात्रीही दिवा असतो. म्हणजे झोप न येणाऱ्यांचीही सोय!

हवे ते पुस्तक इथे मागवता येत नाही, हे खरे. शेजाऱ्याने ठेवले ते वाचायचे. पण त्या निमित्ताने शेजारी तरी कळतो.

काही गावांनी अशाच खोक्यांत हृदयाची बिघडलेली लय ताळ्यावर आणणारे यंत्र ठेवले आहे. वेस्टबरीकरांनी पुस्तके ठेवली. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला विचाराल, तर दोहोंचे काम एकच!