जुना चोक जड, नवा हलका – असे का?



एलईडी दिवे येण्यापूर्वी घरोघरी ट्यूबलाइट असे. तिच्या पट्टीतला चोक चांगलाच जड असे आणि बारीक गुणगुणतही असे. पुढे इलेक्ट्रॉनिक चोक आला. काम तेच, ट्यूबमधला प्रवाह आवरण्याचे. वजन मात्र अगदी कमी. हे कसे साधले? उत्तर आहे तारेच्या वेटोळ्यातील गाभ्यात.

वेटोळ्यात लोखंडाचा गाभा ठेवला की थोड्या वेढ्यांतही चुंबकीय क्षेत्र जोरदार होते. पण लोखंडातून वीजही वाहते. घरच्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात. प्रत्येक बदलाबरोबर गाभ्यातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि तो तापतो. म्हणून जुन्या चोकमध्ये सिलिकॉनयुक्त पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असत. मध्ये वीजरोधक थर असल्याने भोवरे लहानच राहत.

इलेक्ट्रॉनिक चोक आवर्तने सेकंदाला २० हजारांच्या वर नेतो. आवर्तने वाढली की लहान वेटोळे पुरते. परंतु इतक्या वेगाला पोलादाचे पत्रे फार तापतील. येथे उपयोगी पडते फेराइट. लोहाच्या ऑक्साइडमध्ये मँगनीज, निकेल, जस्त अशा धातूंची ऑक्साइडे मिसळून ते मातीच्या भांड्यासारखे भट्टीत भाजतात. त्यातून वीज जेमतेम वाहते, त्यामुळे भोवरे जवळजवळ उठतच नाहीत. १९३० साली टोकियोत योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी यावर मूलभूत काम केले. रेडिओतील काळी कांडी फेराइटचीच. संगणकाच्या केबलवरील फुगीर गाठीतही तेच असते. केबलमधला नको असलेला जलद आवर्तनांचा गोंगाट ती अडवते.

मात्र फेराइटची एक मर्यादा आहे. पोलाद साधारण दीड ते दोन टेस्लापर्यंत चुंबकीय क्षेत्र पेलते. फेराइट अर्ध्या टेस्लाच्या आतच संपृक्त होते. मग गाभा असून नसल्यासारखा होतो आणि तारेतून बेसुमार प्रवाह धावतो.

म्हणूनच एक कळकळीची सूचना. विज्ञान प्रदर्शनासाठी जुन्या चार्जरमधला गाभा काढून, त्यावर तार गुंडाळून ती घरच्या २३० व्होल्टच्या प्लगला कधीही जोडू नका. तार जळेल, आग लागेल, शॉक बसून जीवही जाऊ शकेल. पालकांनीही याकडे लक्ष द्यावे. प्रयोग जरूर करा, पण शिक्षकांना विचारून आणि त्यांच्या समोरच!