दुसऱ्याच्या प्रवासाचा बेत

कंपन्यांचा प्रवास आणि त्याचं नियोजन या विषयावर आम्ही बोलणार, हे कळल्यावर घरात सगळे हसले. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं तिकिटं आणि हॉटेलं यांवर काय सांगायचं? पण याला कारण झाला आमचा एक जुना विद्यार्थी. तो मुंबईतल्या एका कंपनीत ट्रॅव्हल मॅनेजर आहे. म्हणजे तो स्वतः फारसा कुठे जात नाही. इतरांनी कसं जायचं, कुठे उतरायचं, किती खर्चात, हे ठरवतो. त्याचा फोन आला. ‘सर, तुमच्या अलिबागला ४० माणसं आणायची आहेत, दोन दिवसांची बैठक. जूनचा दुसरा आठवडा. गेटवेहून लाँचने आणतो, तासाभरात मांडवा.’ आम्ही विचारलं, ‘अरे, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लाँच कुठली?’ तो गप्प. त्याच्या संगणकावर ‘गेटवे ते मांडवा, एक तास’ एवढंच लिहिलेलं होतं. तुम्ही हसताय, कारण इथल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं.

आधी एक गैरसमज दूर करू. कंपनीचा माणूस रायगडच्या किनाऱ्यावर येतो तो काही फक्त रिसॉर्टवर मजा करायला येत नाही. थळचा खत कारखाना, डोलवीचं पोलाद, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल, रोह्याजवळची धाटावची आणि पुढे महाडची एमआयडीसी, उरणला बंदर आणि तेल-वायू प्रकल्प. ऑडिटर, यंत्रं दुरुस्त करणारे इंजिनिअर, विम्याचे सर्व्हेअर, नमुने तपासणारे, असे कितीतरी जण रोज इकडे येतात आणि संध्याकाळी परत जातात. ऑफसाइट बैठकांची चर्चा फार होते, पण या माणसांचा प्रवास कोणी मोजत नाही.

आता त्या एका तासाकडे पाहू. न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे नियमाच्या पोटात दडलेली, कोणी न सांगितलेली अट. ‘मांडवा एका तासात’ या नियमाची उपाधी म्हणजे शांत समुद्र. साधारण मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत गेटवेच्या प्रवासी बोटी बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून सुरू झालेली रो-रो पावसाळ्यातही चालते, पण हवा बिघडली की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी उघडला, २१.८ किलोमीटरचा, फार मोठी सोय झाली. तरी तो शिवडीहून न्हावाशेव्याकडे नेऊन सोडतो. अलिबागला जाणाऱ्याला वडखळचा नाका त्यापुढे लागतो, आणि शनिवारी सकाळी तिथे काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यावर बोलायला बसलो तर आजचं व्याख्यान त्यातच संपेल.

दुसरी उपाधी भरती-ओहोटीची. आपल्याकडचे जुने कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या. अगदी मिनिटाला बरोबर नाही, पण कामापुरतं पुरतं. एका कंपनीची कार्यक्रमपत्रिका आमच्या पाहण्यात आली होती: पौर्णिमेचा दिवस आणि ‘सकाळी ११, कुलाबा किल्ला, पायी’. पत्रिका छान रंगीत छापलेली होती. बेचाळीस माणसं छायाचित्रं काढत वाळूत उभी होती आणि किल्ला पाण्यात. हे हसण्यावारी गेलं. रेवसला मात्र धक्क्याजवळ गाळ साचलेला असल्यानं मोठ्या ओहोटीत लाँच लागणं अवघड होतं, तेव्हा परतीचं विमान पकडायचं असलेल्या माणसाला हसू येत नाही. म्हणून आमचा पहिला सल्ला अगदी साधा: किनाऱ्यावरच्या प्रवासाच्या कॅलेंडरमध्ये सुट्ट्यांच्या शेजारी तिथी लिहा आणि प्रत्येक जाण्यासाठी दुसरा रस्ता आधीच पैशांसकट मंजूर करून ठेवा. बोट रद्द झाल्यावर धक्क्यावर उभं राहून टॅक्सीची परवानगी मागायची वेळ कोणावर येऊ नये.

पैशांचं बोलू. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, पण तो कंपनीला वजावटीत मिळत नाही. त्यावरच्या खोलीला १८ टक्के, आणि तो मिळू शकतो. म्हणजे ७,००० ची खोली ७,३५० ला पडते. ८,००० च्या खोलीचं बिल ९,४४० होतं, पण १,४४० वजावटीत गेले की खर्च ८,००० च. बिलांत फरक दिसतो २,०९० चा, खरा फरक ६५० चा. यातही मेख आहे. हॉटेलचा कर ते ज्या राज्यात असेल तिथला धरतात. कंपनीची नोंदणी फक्त कर्नाटकात असेल तर अलिबागच्या हॉटेलावर भरलेला कर तिला मिळत नाही. तेव्हा नुसती बिलाची रक्कम पाहून मर्यादा ठरवणारा मॅनेजर स्वतःचीच फसवणूक करून घेतो.

हे हिशेब शिकता येतात, त्यासाठी आमची गरज नाही. आम्हाला बोलायचं आहे ते वेगळ्याच खर्चाबद्दल. महाडला सकाळी ९ ला ऑडिट आहे. आदल्या रात्रीचं हॉटेल वाचवायचं म्हणून ठाण्याहून पहाटे साडेचारला गाडी काढायची. वहीत चार हजार वाचले. ऑडिटर तीनला उठला, ते कुठे लिहिलं? आणि ड्रायव्हर? तो तर दोनला उठला, दिवसभर कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडीची काच खाली करून पडून राहिला, आणि रात्री त्याच महामार्गावरून परत आणणारही तोच. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारलं, ‘तुझ्या कंपनीच्या प्रवास धोरणात ड्रायव्हरने झोपायचं कुठे, ते लिहिलंय का?’ तो म्हणाला, ‘सर, तो व्हेंडरचा माणूस.’

इथे खरा प्रश्न सुरू होतो. बेत आखणारा एक आणि भोगणारा दुसरा असतो, तेव्हा जबाबदारी कुठपर्यंत जाते? कायद्यानं या प्रश्नाशी बरीच झटापट केली आहे. पेण-उरणसारखीच मिठागरं सौराष्ट्रातही आहेत. तिथल्या एका मिठागराचे कामगार १९५२ च्या जूनमध्ये काम संपवून होडीनं खाडी ओलांडत होते. हवा खराब, होडीत माणसं जास्त. होडी उलटली, काही जण बुडाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९५८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कामाची हद्द ओढूनताणून त्या होडीपर्यंत नेता येणार नाही. मालक सुटला. पुढे ही हद्द हळूहळू सरकत गेली. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की घरून कामावर येता-जातानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाला तर, नोकरीतलाच मानता येईल. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तर ‘कामाचं ठिकाण’ या शब्दांत कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकानं पुरवलेलं वाहनही येतं. म्हणजे मांडव्याहून निघालेली कंपनीची बस ही कंपनीची कचेरीच. रात्री अकरानंतर रिसॉर्टच्या हिरवळीवर चाललेलं गाणं-बजावणंही.

घरून कामावर जाण्याबद्दल वाद होऊ शकतो. पण कंपनीनं सांगून पाठवलेल्या प्रवासाबद्दल आमच्या मते वाद नसावा. ज्यानं मार्ग निवडला त्यानं मार्गाचा धोकाही निवडला. कान्होजी आंग्रे व्यापारी गलबतांना दस्तक देत. इंग्रजांना ते कधीच रुचलं नाही, ती गोष्ट निराळी. पण दस्तक घेतलेल्या गलबताला आंग्र्यांचं अभय असे. आजकाल मंजुरीचं बटण दाबणारा दस्तक देतो, अभय मात्र देत नाही.

या किनाऱ्याला हे सांगावं लागू नये. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. ती बहुतेक आपापल्या घरी निघालेली साधी माणसं होती. आमच्या लहानपणी घराघरांत त्या बोटीची गोष्ट सांगत असत. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, १५ जीव गेले. कित्येकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हतं. सहल नेणाऱ्या मॅनेजरनं बोटीवर चढताना मोजायला हवीत ती जॅकेटं. जेवणाची पाकिटं नंतर मोजली तरी चालतील.

नव्या प्रवाहांबद्दल दोन शब्द. करोनानंतर तासाभराच्या बैठकीसाठी कोणी निघत नाही, पडद्यावर भागतं. त्यामुळे उरलेला प्रवास जास्त मोलाचा झाला, हे चांगलं. शुक्रवारी काम आणि पुढे शनिवार-रविवार कुटुंबासह काशिद-मुरूड, ही पद्धत वाढते आहे. मग विमा कोणत्या दिवसापर्यंत, हे लेखी ठरवा. मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमानं पर्यावरणाचा अहवालही द्यावा लागतो, म्हणून आता प्रवासाच्या धुराचाही हिशेब मागितला जाऊ लागलाय.

मागच्या रांगेतून ताईंनी विचारलं आहे, ‘मुक्कामाची रात्र वाढवली तर पैसे कोणाच्या खात्यातून?’ ताई, ज्या विभागानं सकाळी ९ ची वेळ ठरवली त्याच्या खात्यातून. आमच्या विद्यार्थ्यानं हे करून पाहिलं. दोन महिन्यांत महाडची ऑडिटं ११ ला सुरू होऊ लागली. आणि त्याची ती ४० माणसं? ती डिसेंबरात आली. बसने.