धनुष्कोडीचे अवशेष

रामेश्वराच्या यात्रेचा मराठी घरांत जो जुना परिपाठ आहे, त्यात सेतूला मोठे स्थान आहे. सेतूवर स्नान करावयाचे, तेथील वाळू घेऊन ती प्रयागास गंगेत सोडावयाची आणि गंगेचे पाणी आणून पुन्हा रामेश्वरास अभिषेक करावयाचा, अशी ती रीत. सेतूचे हे ठिकाण म्हणजे धनुष्कोडी. आज मात्र तेथे जाणारे पुष्कळ लोक केवळ यात्रेकरू नसतात. दोहों बाजूंस समुद्र, मध्ये पांढऱ्या वाळूची पट्टी आणि तिच्यावर पडक्या भिंती, हे दृश्य पाहण्यास ते जातात. परंतु त्या भिंती कशाच्या, हे ठाऊक नसेल तर पाहूनही बरेचसे पाहावयाचे राहून जाते.

हे अवशेष एखाद्या प्राचीन राजधानीचे नाहीत. १९१४ साली पांबनचा रेल्वे पूल झाला आणि धनुष्कोडी सिंहलद्वीपाच्या वाटेवरील मोठे ठाणे बनले. मद्रासहून येणाऱ्या ‘बोट मेल’चे उतारू येथे आगबोटीत चढत, पलीकडे तलाईमन्नारला उतरत आणि तेथून कोलंबोची गाडी धरीत. १९६४ च्या २२ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळ आले आणि समुद्र वस्तीवर चढला. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या जवळ येऊन पोहोचली होती; ती उतारूंसह लाटांखाली गेली. पांबनच्या पुलाचीही मोठी हानी झाली. श्री. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली तो अवघ्या ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडी मात्र पुन्हा उभे राहिले नाही. सरकारने ते ‘वस्तीस अयोग्य’ ठरविले आणि तेथवरचा लोहमार्ग पुन्हा घातला गेला नाही.

रामेश्वराहून निघाल्यावर वाटेत कोदंडरामाचे देऊळ लागते. बिभीषण रामास येथेच शरण आला, अशी श्रद्धा आहे. त्या वादळातून हे देऊळ वाचले. पुढे जुन्या गावात चर्चच्या भिंती उभ्या आहेत. वर छप्पर नाही. जवळ जाऊन दगड निरखावा. तो सच्छिद्र आहे, कारण तो समुद्रातील प्रवाळाचा आहे. स्टेशनच्या उरलेल्या भिंतीही तेथून दूर नाहीत.

कागदोपत्री वस्तीस अयोग्य असलेल्या या जागी कोळ्यांची कुटुंबे झोपड्या करून राहतात. चहूकडे खारे पाणी असताना ती पितात काय? पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहते. म्हणून थोडा खड्डा उकरला की गोडे पाणी लागते. अधिक खोल गेले की तेच खारट होते. किती उकरावे आणि कोठे थांबावे, हे तेथील बायकांना नेमके ठाऊक असते.

२०१७ पासून पक्की सडक अगदी टोकापर्यंत, अरिचलमुनईपर्यंत जाते. एका बाजूचा समुद्र बहुधा शांत, तर दुसरीकडचा मन्नारच्या आखाताचा खवळलेला. कोळी पहिल्यास स्त्री-समुद्र आणि दुसऱ्यास पुरुष-समुद्र म्हणतात. येथे दोन्हीकडचे प्रवाह एकमेकांस भिडतात; म्हणून पाण्यात पोहण्याचा मोह टाळावा. हिवाळ्यात गेल्यास उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसण्याचा संभव असतो. सकाळी लवकर निघावे आणि सूर्यास्तापूर्वी परतावे.

आणखी एक गोष्ट. त्या रात्री जी मुले होती, त्यांतील काही माणसे आज वार्धक्यात आहेत. त्या भिंतींत कोणी शाळा शिकले, कोणाचे लग्न लागले, कोणी गाडीची वाट पाहत बसले. तेथे छायाचित्र अवश्य घ्यावे. पण घटकाभर गप्प उभेही राहावे. पडक्या गावातही आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत, हे विसरू नये.