शाळा गुरांमागे निघाली

मूल शाळेत का येत नाही, असं आपण आई-बापाला विचारतो. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हा प्रश्न शाळेने स्वतःला विचारला. एवढ्यासाठी तरी ग्राम बाल शिक्षा केंद्राची गोष्ट पुन्हा सांगायला हवी.

ताराबाई मोडक यांनी हे काम १९४५ साली त्याच तालुक्यातल्या बोर्डीत सुरू केलं. पुण्यातली हुजूरपागेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरात काम केलेल्या ताराबाईंना माँटेसरी पद्धत पुरेपूर ठाऊक होती, पण तिची महागडी साधनं इथे कोण आणणार? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या अंगणात बसू लागल्या. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी मग. ही अंगणवाडी. सरकारची अंगणवाडी योजना आली ती १९७५ साली.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडला, वारली आदिवासींच्या पाड्यांच्या मधोमध आलं आणि खरी कसोटी लागली. इथली मुलं रिकामी नव्हतीच. मुलगे दिवसभर गुरं राखायचे. त्यांना कुरणातून शाळेत ओढून आणलं असतं, तर घरचं काम अडलं असतं आणि चार दिवसांत ते पुन्हा कुरणात गेले असते. म्हणून शिक्षकच साहित्य घेऊन कुरणात गेले. गुरं चरताहेत, मुलांचा एक डोळा त्यांच्यावर, आणि झाडाखाली खड्यांची बेरीज चालली आहे, अशी ती कुरणशाळा.

मुलींची अडचण वेगळी. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. आई मजुरीला गेलेली, त्याला सोडून ही शाळेत येणार कशी? केंद्राने ‘विकासवाडी’ या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. मला या संस्थेचं सगळ्यात मोठं शहाणपण इथे दिसतं. फी माफ केली, पाटी फुकट दिली, तरी त्या मुलीचे हात मोकळे होत नव्हते. ते पाळण्याने मोकळे केले.

आज पटसंख्या कमी म्हणून पाड्यांवरच्या शाळा दूरच्या शाळेत मिसळायची भाषा होते, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. हिशेबात वर्गखोल्या येतात, शिक्षक येतात. वाट तुडवणारी मुलगी आणि तिच्या कडेवरचं मूल येत नाही.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताई मागे राहिल्या. बालसेविका घडवत, बालशिक्षणावर लिहीत त्यांनी १९९२ पर्यंतचं उरलेलं आयुष्य याच कामात घातलं.